संभाजीनगरच्या उंचीवर बूस्टचा लॉग: कसा घ्यायचा, कसा वाचायचा

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप. त्याने वाढवलेला दाब म्हणजे बूस्ट, आणि त्याची क्षणाक्षणाची नोंद म्हणजे लॉग. टर्बोच्या गाडीतलं गेज १५ पीएसआय दाखवतं, तेव्हा ते एवढंच सांगत असतं की बाहेरच्या हवेपेक्षा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातला) दाब १५ ने जास्त आहे. बाहेरच्या हवेचा दाब किती, ते त्या गेजच्या गावीही नसतं. मुंबईत तो १०१ केपीएच्या आसपास (केपीए म्हणजे किलोपास्कल; एक पीएसआय म्हणजे साधारण ६.९ केपीए). छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, त्यामुळे इथं ९५ च्या आसपास. नांदेडला उतरलात तर ९७. म्हणजे तोच १५ पीएसआयचा काटा मुंबईत जवळपास २०५ केपीए अ‍ॅब्सोल्यूट (बाहेरचा दाब धरून एकूण) आणि आपल्याकडे १९८. इंजिनाला कळतो तो अ‍ॅब्सोल्यूट. पेट्रोल किती टाकायचं आणि स्पार्क कधी मारायचा, हे ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) टेबल त्याच आकड्यावरून ठरवतं.

म्हणून ड्रॅगची (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीची) गाडी ट्यून करताना पहिला नियम: लॉगमध्ये बूस्ट केपीए अ‍ॅब्सोल्यूटमध्येच ठेवा. पीएसआय मित्रांना सांगायला ठीक आहे. दुसऱ्या शहरातून कुणी 'सेम टर्बो, सेम इंजिन' म्हणून मॅप (ईसीयूच्या टेबलांची फाइल) पाठवला, तर तो अ‍ॅब्सोल्यूटमध्ये आहे की गेजमध्ये हे विचारल्याशिवाय फ्लॅश करू नका. टर्बोच्या बाजूनेही हिशेब बदलतो. २०० केपीए गाठायला मुंबईत १.९७ चा प्रेशर रेशो (टर्बोतून निघणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर) लागतो, इथं २.११. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर असेल आणि कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७० टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा १५० अंशांच्या घरात जाते. २५ अंशांच्या सकाळी तोच रेशो १२५ च्या आसपास ठेवतो. ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला इथं जास्त राबावं लागतं ते यामुळे.

मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरपासून सुरुवात करू, कारण बहुतेक लॉग तिथेच बिघडलेले असतात. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो (स्वतः जुळवायचे ईसीयू) वापरणाऱ्यांकडे बहुधा एमपीएक्स४२५० असतो. त्याची मर्यादा २५० केपीए. आपल्या उंचीवर हे साधारण २२ पीएसआय झाले. त्याच्या वर बूस्ट गेला तर सेन्सर ४.८ ते ४.९ व्होल्टवर अडकतो आणि लॉगमध्ये वरून छाटल्यासारखी सरळ रेघ येते. बघणारा खूश होतो, 'काय स्टेबल बूस्ट आहे!' खरा बूस्ट इतका सरळ कधीच नसतो, तो एकदोन केपीए तरी हलतो. रेघ अगदी सपाट दिसली तर आधी सेन्सरची मर्यादा आठवा. २० पीएसआयच्या वर जायचा विचार असेल तर ४ बारचा सेन्सर आधीच बसवा.

सेन्सर बसवला की कॅलिब्रेशन ताडून घ्या. इग्निशन चालू, इंजिन बंद: लॉगमध्ये बाहेरचा दाब दिसला पाहिजे. एमपीएक्स४२५० ला ५ व्होल्ट मिळत असतील तर ९५ केपीएला आउटपुट १.७० व्होल्ट. मल्टिमीटर लावा आणि बघा. १.७५ आला तर अडीच केपीएची चूक आहे, कारण या सेन्सरमध्ये एका केपीएला २० मिलिव्होल्ट पडतात. ५० मिलिव्होल्टची अशी चूक पुष्कळदा अर्थिंगमुळे असते. सेन्सरची ग्राउंड वायर बॉडीला किंवा इंजिन ब्लॉकला मारलेली असते. ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडच्या पिनवरच गेली पाहिजे. कॉइलच्या वायरिंगसोबत एकाच स्लीव्हमध्ये ओढलेली सिग्नल वायर हाही नेहमीचा आजार.

एका बिंदूवर जुळलं म्हणजे सगळीकडे जुळलं असं नाही. ब्लीडिंगचा हातपंप आणि एक भरवशाचं गेज घ्या, सेन्सरच्या नळीत ५०, १०० आणि १५० केपीए भरा आणि लॉगमधला आकडा वाचा. गेजच्या आकड्यात ९५ मिळवायला विसरू नका. दाब भरून एक मिनिट थांबा. आकडा खाली येत असेल तर नळी किंवा जोड गळतोय.

नळी कुठून घ्यायची? प्लेनमच्या (मॅनिफोल्डच्या, सगळ्या सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पेटीच्या) मधोमध, सगळ्या सिलिंडरांना सारखी पडेल अशा जागी. एकाच रनरवरून (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीवरून) घेतली तर तुम्ही त्या एका सिलिंडरचे हेलकावे मोजणार. ४ सिलिंडरचं इंजिन ७००० आरपीएमला सेकंदाला २३० पेक्षा जास्त वेळा हवा ओढतं, त्यामुळे प्लेनममध्येही दाब थरथरतोच. आतून ४ मिमीची, शक्य तितकी आखूड नळी ठेवा. ती ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सुटल्यावर साठलेला दाब सोडणारा) किंवा वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवायला एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) नळीला टी मारून घेऊ नका. व्हॉल्व्ह उघडला की त्या फांदीतला दाब पडतो आणि लॉगमध्ये मॅनिफोल्डचा दाब पडल्यासारखा दिसतो. वाळूजमध्ये कुणाकडूनही प्लेनमला एक अष्टमांश इंची आट्यांचा बुश वेल्ड करून मिळतो, टी मारण्यापेक्षा ते बरं. फक्त वेल्डिंगआधी प्लेनम काढा आणि नंतर आतून धुऊन घ्या. वेल्डिंगचा कण व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये गेला तर पुढचा खर्च बुशचा राहत नाही.

आता वेग. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) सेकंदाला जेमतेम काही रीडिंग देतो. शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात जोडलेल्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयसारख्या गाड्यांवर व्हीसीडीएस या तपासणी सॉफ्टवेअरने लॉग घेताना जितके चॅनेल वाढवाल तितका वेग पडतो. महामार्गावरचं मायलेज बघायला हे चालतं, ड्रॅगला नाही. गिअर बदलताना बूस्टचा टोक ८० मिलिसेकंदांत येऊन जातो. सेकंदाला १० रीडिंग असतील तर तो टोक दोन रीडिंगच्या मधून निसटतो आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे. १०० असतील तर त्याच टोकाची ८ रीडिंग मिळतात. किमान ५० ठेवा, ईसीयूमध्ये मेमरी असेल तर १००. स्मूदिंग मात्र लॉग बघताना लावा, घेताना नको. घेताना कापलेला टोक परत मिळत नाही.

बूस्टची एकटी रेघ काहीच सांगत नाही. त्याच वेळपट्टीवर हे सगळं हवं: आरपीएम, थ्रॉटल, बूस्टचं टार्गेट, वेस्टगेट सोलेनॉइडची ड्युटी (वेस्टगेटकडे जाणारा दाब अडवणारी विजेची झडप किती टक्के वेळ चालू असते ते), इनटेक तापमान, लॅम्डा, नॉक (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका), इग्निशन अ‍ॅडव्हान्स, इंजेक्टर ड्युटी, फ्यूएल प्रेशर, बॅटरी व्होल्टेज, चाकांचा वेग आणि क्लचचा स्विच. लॅम्डाच (हवा-इंधनाचं प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट ते) वाचा, एएफआर (हवा-इंधनाचं थेट प्रमाण) नको. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्याचा स्टॉइक (आदर्श प्रमाण) १३.५ च्या आसपास असतो, आणि १४.७ वर सेट केलेला मीटर दिशाभूल करतो.

यातल्या फ्यूएल प्रेशरकडे लोक सगळ्यात कमी बघतात आणि इंजिनं त्यामुळेही जातात. रिटर्न लाइनच्या रेग्युलेटरचा बेस ३०० केपीए असेल आणि बूस्ट गेजच्या हिशेबाने १०० केपीए असेल, तर रेलमध्ये (इंजेक्टरांना इंधन देणाऱ्या नळीत) ४०० दिसायला हवेत. लॉगमध्ये एक गणिती चॅनेल बनवा: रेलचं गेज प्रेशर अधिक बाहेरचा दाब वजा मॅनिफोल्डचा अ‍ॅब्सोल्यूट. हा आकडा तळापासून रेडलाइनपर्यंत ३०० वर स्थिर राहिला पाहिजे. वर जाताना तो २८०, २६० असा उतरू लागला तर पंप, फिल्टर किंवा पंपाला मिळणारं व्होल्टेज कमी पडतंय. अशा वेळी बूस्ट वाढवणं थांबवा. लॅम्डा त्या क्षणी ठीक दिसला तरी.

आता प्रत्यक्ष ट्यूनिंगचा क्रम. आधी टर्बोच्या तोंडाला झाकण लावून सगळ्या पाइपिंगची गळती तपासा: रेग्युलेटर लावून १५ पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. मग सोलेनॉइड ० ड्युटीवर ठेवून पहिला पुल (एकाच गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलने रेडलाइनपर्यंतची ओढ) घ्या. हा लॉग म्हणजे वेस्टगेटच्या स्प्रिंगचा बूस्ट. ७ पीएसआयची स्प्रिंग असेल तर इथं १४३ केपीएच्या आसपास दिसेल. आरपीएमसोबत हा आकडा स्वतःहून चढत गेला, उदाहरणार्थ ४००० ला १४३ आणि ७००० ला १६५, तर त्याला क्रीप म्हणतात. वेस्टगेट लहान आहे किंवा त्याचा पाइप एक्झॉस्टच्या प्रवाहाला उलटा किंवा काटकोनात वेल्ड केलाय. सॉफ्टवेअरने तो जात नाही, वेल्डिंगने जातो.

० ड्युटीचा लॉग चांगला असेल तर ड्युटी १०-१० टक्क्यांनी वाढवत, तोच गिअर, तोच आरंभीचा आरपीएम ठेवून पुल घ्या. प्रत्येक पुलाआधी इनटेक तापमान पहिल्या पुलाच्या पातळीवर येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये या थांबण्यातच दिवस जातो, त्यामुळे पहाटे सुरुवात केलेली बरी. किती ड्युटीला किती आरपीएमवर किती केपीए, हे टेबल तयार झालं की मगच क्लोज्ड लूप (मोजलेला बूस्ट बघून ईसीयूने स्वतः ड्युटी सुधारणं) चालू करा. लोक उलट करतात. टेबल कोरं ठेवून पीआयडीचे (ही सुधारणा करणाऱ्या गणिताचे) आकडे फिरवत बसतात आणि मग बूस्ट हेलकावे का खातो म्हणून विचारतात. तीन पोर्टचा सोलेनॉइड साधारणपणे स्प्रिंगच्या दुप्पट बूस्टपर्यंत नीट सांभाळतो. त्यापेक्षा जास्त हवा असेल तर स्प्रिंग बदला.

पुल कुठं घ्यायचा, तर डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद केलेल्या धावपट्टीवर. जालन्याकडे समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो हे खरं, पण तिथली मर्यादा १२० आहे आणि तिसऱ्या गिअरचा पूर्ण पुल ती केव्हाच ओलांडतो. शिवाय लॅपटॉपकडे बघणारा ड्रायव्हर कुणालाच नको.

लॉग वाचताना टार्गेट, बूस्ट आणि ड्युटी या तीन रेघा एकावर एक ठेवा. टार्गेट २००, बूस्ट १८५ आणि ड्युटी ९० टक्क्यांवर चिकटलेली असेल, तर ईसीयूने हात टेकलेत. इथंच घोडं पेंड खातं. अशा वेळी ड्युटीची मर्यादा वाढवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दुसरा सेन्सर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, इंटरकूलरच्या आधी लावा. तिथं २०० आणि मॅनिफोल्डला १८५ असेल तर १५ केपीए इंटरकूलर आणि पाइपिंग खातंय. १० पर्यंत चालवून घेता येतं, २० असेल तर कोअर किंवा पाइप बदलण्याचीच वेळ. कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच कमी असेल तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? मग टर्बोच्या अलीकडे बघा. आपल्याकडची धूळ एअर फिल्टरला लवकर धरते. फिल्टरनंतर दाब ९० वर उतरला तर २०० साठीचा रेशो २.११ वरून २.२२ वर जातो, शाफ्ट जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते. पातळ सिलिकॉनचा इनलेट पाइपही पूर्ण ओढीला आत चेपतो. उभ्या गाडीत तो ठणठणीत दिसतो. सोलेनॉइडचा हवा सोडणारा पोर्टही धुळीने बुजतो, त्यावर छोटा पितळी फिल्टर लावून तोंड खाली ठेवा.

बूस्ट वरच्या आरपीएमला घसरत असेल आणि ड्युटीत अजून जागा असेल, तर टेबल तिथं वाढवा. ड्युटी वाढवूनही घसरत असेल तर एक्झॉस्टचा मागचा दाब वेस्टगेटची झडप उचलतोय किंवा टर्बोचा दम संपलाय. मागचा दाब मोजल्याशिवाय या दोघांतला फरक कळत नाही.

ड्रॅगमध्ये खरी गंमत गिअर बदलताना असते. थ्रॉटल न सोडता इग्निशन कट देऊन गिअर टाकला की आरपीएम ७००० वरून ५००० वर येतो. इंजिन कमी हवा ओढतं, टर्बो मात्र तितक्याच वेगात फिरत असतो, आणि बूस्ट २०० वरून २१५ वर उडी मारतो. पीआयडीचा इंटिग्रल भाग (साठत गेलेल्या चुकीची भरपाई) मागच्या गिअरमध्ये चढून बसलेला असेल तर ही उडी लांबते. गिअर बदलताना इंटिग्रल गोठवा, ड्युटीच्या टेबलला आरपीएमचा अक्ष द्या. थ्रॉटल सोडून गिअर टाकत असाल तर उलटं चित्र: दाब व्हॅक्यूमपर्यंत कोसळतो आणि परत भरायला किती वेळ लागला, तो आकडा तुमच्या ईटीमध्ये (रनच्या एकूण वेळेत) थेट जोडला जातो.

पहिल्या गिअरमध्ये बूस्ट उशिरा येतोय असं दिसलं तर चाकांचा वेग शेजारी लावा. चाक घसरलं की लोड जातो, आरपीएम पळतो आणि टर्बोला फिरायला वेळच मिळत नाही. इथं बूस्ट वाढवून चाक आणखी घसरेल. गिअरप्रमाणे टार्गेट ठेवा: पहिल्यात कमी, दुसऱ्यात मधलं, तिसऱ्यापासून पूर्ण. दोन रनची तुलना वेळेवर नव्हे, आरपीएमवर रेघा चढवून करा.

इथं ट्यून केलेली गाडी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाईच्या रेस ट्रॅकवर नेणार असाल, तर ती जवळपास समुद्रसपाटीवर उतरते. वेस्टगेटची स्प्रिंग गेजच्या हिशेबाने चालते, म्हणून ओपन लूपवर (ईसीयूची सुधारणा बंद असताना) तीच ड्युटी तिथं ६ केपीए जास्त अ‍ॅब्सोल्यूट देईल. क्लोज्ड लूप टार्गेट अ‍ॅब्सोल्यूटमध्ये असेल तर ईसीयू स्वतः ड्युटी कमी करेल. गेजमध्ये असेल तर करणार नाही आणि नॉकच्या काठावरचं टायमिंग काठापलीकडे जाईल. तिथं पोचल्यावर इंजिन सुरू करण्याआधी फक्त इग्निशन लावून १० सेकंदांचा लॉग घ्या, बाहेरचा दाब नोंदवा आणि पहिला रन पूर्ण टार्गेटपेक्षा १५ केपीए खाली ठेवून घ्या. ओव्हरबूस्ट कटही अ‍ॅब्सोल्यूटमध्ये लावा, टार्गेटच्या २० केपीए वर. त्यापेक्षा जवळ लावलात तर गिअर बदलतानाची उडीच कट मारेल आणि लाइनवरून सुटलेली गाडी अर्ध्यात खोकेल.