तांदळाचं मशीन

वॉशिंग मशीनचा पल्सेटर, म्हणजे टबाच्या तळाची फिरणारी चकती, उपसून काढला तर खालून मूठभर तांदूळ निघाला, सोंडकिड्यांसकट. या मशीनमध्ये कपड्यांपेक्षा धान्यच जास्त वर्षं राहिलंय, हे खालांनी मला आधीच सांगितलं होतं. तरी तांदूळ इतक्या खोल शिरला असेल असं वाटलं नव्हतं.

खाला म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मावशी. ती खाला म्हणते म्हणून मीही म्हणते. राहायला राबोडीत. त्यांचे यजमान सौदीत दम्मामला नोकरीला होते, तिथे १९८३ साली त्यांनी हे दोन टबांचं जपानी मशीन घेतलं. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. १९८७ मध्ये बिऱ्हाड ठाण्याला आलं, त्याबरोबर मशीनही आलं. "तिथे चार वर्षं एक दिवस कुरकुरलं नाही," खाला म्हणाल्या. "इथे आलं आणि दीड वर्षात तापायला लागलं. मधेच बंद पडायचं. यांचं म्हणणं, इथलं पाणी बाधलं त्याला." मग ते माळ्याखाली गेलं आणि त्यात गावचा तांदूळ आला. 'इथे आलं आणि तापायला लागलं' हे वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा महिना वाचला असता.

मला जुनं मशीन हवं होतं ते हौस म्हणून नव्हे. आमची चरईतली इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि नळाला धार अशी की बादली भरेपर्यंत चहा उकळून होतो. आमचं फुल ऑटोमॅटिक मशीन पाण्याची वाट बघत चूं चूं करत बसायचं. दोनदा त्याचा सर्किट बोर्ड बदलला. तिसऱ्यांदा साडेसहा हजारांचा आकडा ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, बादलीने पाणी ओतता येईल असं काही मिळत नाही का?" नवीन सेमी ऑटोमॅटिक मिळतंच. पण मी आणि मैत्रीण खालांकडे ईदला गेलो होतो, तिथे हे दिसलं. पत्र्याची बॉडी, हातात जड वाटणारे नॉब. भंगारवाल्याने साडेतीनशे सांगितले होते. मी हजार दिले. खाला आढेवेढे घेत होत्या, शेवटी घेतले आणि वर शेवयांचा डबा दिला. टेम्पो आणि तीन मजले चढवणारे दोघे, यांचे सातशे.

पहिला मेकॅनिक आला, त्याने धुण्याच्या मोटरचा कपॅसिटर बदलला आणि मशीन चक्क सुरू झालं. साडेतीनशे घेऊन तो गेला. मी टॉवेल टाकले. दहाव्या मिनिटाला गरम वार्निशचा वास आला आणि मशीन थांबलं. अर्ध्या तासाने आपोआप परत चालू, परत बंद. फोनवर तो म्हणाला, "मॅडम, चाळीस वर्षांचं आहे, अजून काय पाहिजे?"

मग मामांना बोलावलं. मामा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. मशीन फिरवून मागे बसले, रॉकेलचा बोळा मागितला आणि काळी पडलेली पाटी पुसत राहिले. पाच मिनिटांनी म्हणाले, "वाच." २२० व्होल्ट. त्याखाली ६० हर्ट्झ.

सौदीत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साठ आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. मामांनी समजावलं ते असं: हर्ट्झ कमी झाले की तीच कॉइल विजेला कमी अडवते, त्यामुळे जास्त करंट ओढते. त्यात आमच्याकडे रात्री व्होल्टेज २४० च्या आसपास असतं. मोटरच्या लोखंडाला चुंबकत्व पेलवत नाही आणि जास्तीचं सगळं उष्णतेत जातं. आतलं थर्मल कटआउट मोटर तापली की तोडतं, गार झाली की जोडतं. म्हणजे मशीन म्हातारं झालेलं नव्हतं, पाण्यानेही बिघडलेलं नव्हतं. पाणी बिचारं पस्तीसेक वर्षं फुकट बदनाम झालं.

एक गोष्ट मात्र नशिबाने चांगली होती. दोन्ही टायमर स्प्रिंगचे, घड्याळासारखी चावी बसणारे. ते विजेच्या हर्ट्झवर चालणारे असते तर इथे पंधरा मिनिटांची अठरा झाली असती.

दोन्ही मोटरी घेऊन वागळे इस्टेटमध्ये वायंडिंगवाल्यांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते कंटाळतील. उलट त्यांनी जुनी कॉइल कापून वेढे मोजायला पोराला बसवलं. त्यांचा हिशोब वहीच्या एका कोपऱ्यात मावला: हर्ट्झ ६० चे ५० आणि व्होल्ट २२० चे २३०, म्हणून वेढे सव्वापट. कॉइल बसते ती खाच तेवढीच, म्हणजे तार बारीक. "ताई, ताकद थोडी उतरेल. चादरी दोन टाकायच्या तिथे एक टाका." मी विचारलं, तांबंच घालाल ना? कारण हल्ली ॲल्युमिनियमची तार सर्रास भरतात, आणि न विचारता. त्यांनी माझ्यासमोर तार खरवडून दाखवली. धुण्याची मोटर दोन्ही बाजूंना फिरते, म्हणून तिच्या दोन्ही वायंडिंग सारख्याच. पिळायची एकाच दिशेने फिरते, तिच्या वेगवेगळ्या. वार्निश, भट्टी, करंट कुठे गळतो का याची मेगर लावून तपासणी, सगळं मिळून सव्वीसशे आणि आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मी रबरांच्या मागे लागले. ड्रेन व्हॉल्व्हचं रबर बिस्किटासारखं मोडत होतं. ऑइल सीलला मशीनचं नाव सांगून उपयोग नसतो. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजायची आणि तीन आकडे घेऊन जायचं. नागदेवी स्ट्रीटवर दुकानदाराने कागद बघितला आणि न उठता मागच्या खणातून सील काढून दिलं. बेल्टवरचा नंबर पुसला गेला होता, तर दोन्ही पुल्यांभोवती सुतळी गुंडाळून लांबी नेली. स्पिनरच्या दांड्याभोवतीचा रबरी भाता मात्र कुठेच जुळेना. शेवटी आपल्याकडच्या मशीनचा बसवला आणि वरून क्लिप आवळली. सगळे मिळून सहाशे चाळीस. पत्रा घासून रेड ऑक्साइड आणि पांढरा रंग, साडेचारशे. टब लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर.

स्पिनरचं झाकण उघडलं की वीज तुटायला हवी आणि ब्रेक लागायला हवा. इथे कुणीतरी झाकणाच्या स्विचच्या दोन तारा पिळून थेट जोडल्या होत्या. मी त्या सोडवून नवा स्विच लावला, ब्रेकची वायर ताणून घेतली. घरात सात वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूत हात घालायचा असतो.

सगळ्यात मोठा खर्च मशीनचा नव्हताच. त्याची वायर दोनच तारांची होती, बॉडी पत्र्याची, आणि उभं राहणार ओल्या मोरीशेजारी. तीन तारांची वायर घातली. मग मामांनी बल्बची टेस्ट लॅम्प आणून आमचा सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये नाही. तिसरं भोक नुसतं शोभेचं! म्हणजे इतकी वर्षं आमचं फुल ऑटोमॅटिक, फ्रिज, सगळं अर्थिंगशिवाय चाललं होतं. खालच्या मीटरपासून अर्थिंगची तार वर आणली, करंट गळाला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. एकोणतीसशे. हे लिहिण्याचं निम्मं कारण ही टेस्ट लॅम्प आहे.

एकूण बेरीज ८,६४०. तेवढ्यात नवीन सेमी ऑटोमॅटिक जवळजवळ येतं, तेव्हा पैसे वाचले असं मी कुणाला सांगत नाही.

मोटरी बसवल्यावर सलग तीन घाणे काढले. हात ठेवता येईल इतक्याच तापल्या. ६० चे ५० हर्ट्झ झाल्यामुळे वेग मूळच्यापेक्षा सहाव्या हिश्श्याने कमी आहे. तो भरून काढायला मोटरला मोठी पुली टर्नरकडून करून घ्यायचा माझा विचार होता. मामा म्हणाले, "आधीच तार बारीक केलीस, वर ओझं कशाला वाढवतेस?" त्याऐवजी बारा मिनिटांच्या जागी पंधरा लावते. स्पिनरला तीही पळवाट नाही. पिळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने उतरतो, म्हणजे मूळच्या सत्तर टक्केच उरला. साड्या आणि शर्ट ठीक निघतात. जीन्स पावसाळ्यात दोन दिवस पंख्याखाली.

सकाळी पाणी असतं तेवढ्यात दोन पिंप भरून ठेवतो. आधी पांढरे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, मग पायपुसणी. खळबळायचं शेवटचं पाणी बादलीत धरून लादीला. सासूबाई खुर्ची टाकून बसतात आणि टायमर त्याच फिरवतात, मला हात लावू देत नाहीत. भात्याखालून दिवसाला चमचाभर पाणी गळतं, तिथे स्टीलची वाटी ठेवली आहे.

परवा खालांचा फोन आला तेव्हा मशीन चालू होतं. मी फोन जवळ नेऊन धरला. त्या जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "चालतंय गं. पण दम्मामला याचा आवाज बारीक होता."