वजनासाठी गेले आणि उंचीवर अडकले – माझा अनुभव

बॅरिएट्रिक सर्जनकडे, म्हणजे वजन कमी करायला पोटाचं ऑपरेशन करतात त्या डॉक्टरांकडे, जाताना काय काय तयारी करायची असं दोघीतिघींनी विचारलं म्हणून लिहायला बसले, पण खरं सांगू का, तो विषय निघाला की मला आधी ती भिंतीवरची उंची मोजायची पट्टीच आठवते आणि डोकं तापतं.

आधी थोडक्यात माझं. वय ४३, वजन ९१ किलो, गुडघे कुरकुरणारे, आणि घोरणं एवढं की मुलीने खोली बदलली. दिवसा ऑफिसात बसल्या बसल्या डोळा लागायचा. फॅमिली डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला लावली, त्यात एएचआय ३६ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३६ वेळा श्वास अडतोय किंवा उथळ होतोय. ३० च्या पुढे गेलं की सिव्हिअर धरतात. मग त्यांच्याच चिठ्ठीवर साताऱ्याहून पुण्याला सर्जनकडे गेलो. सर्जन चांगले निघाले, सगळं कागदावर चित्र काढून समजावलं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्या आधीच्या पाच मिनिटांची. केबिनबाहेर वजन-उंची घेतात ना, तिथे मी विचारलं चप्पल काढू का, तर ती मुलगी म्हणाली राहू द्या हो मॅडम, मागे लाईन आहे. माझी चप्पल चांगली जाड टाचेची. तिने लिहिलं १६३. मी आयुष्यभर १६० ची बाई. आता तुम्ही म्हणाल तीन सेंटीमीटरने काय होतंय. ९१ किलोला १६० उंचीवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) येतो ३५.५, आणि १६३ वर येतो ३४.३. डॉक्टरांना त्याने काहीच फरक पडला नाही, कारण आपल्या भारतीय लोकांसाठी ते आकडे खालचे धरतात, सोबत स्लीप अ‍ॅप्नियासारखा (माझा तो झोपेत श्वास अडायचा) आजार असेल तर ३२.५ च्या पुढे ऑपरेशनचा विचार करतात. पण इन्शुरन्सवाल्यांचं गणित वेगळं. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत लिहिलंय की बीएमआय ४० किंवा जास्त पाहिजे, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयाचा ठराविक त्रास, सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया किंवा कंट्रोलमध्ये नसलेला टाईप टू डायबिटीस. तुमच्या पॉलिसीतही साधारण हेच असेल, काढून वाचा, आणि पॉलिसी वैयक्तिक असेल तर या ऑपरेशनला वेगळा वेटिंग पिरियड आहे का तेही बघा.

तर कॅशलेसचा अर्ज गेला आणि उत्तर आलं, बीएमआय ३४.३, निकषात बसत नाही.

मग सुरू झाली वरात. इन्शुरन्स डेस्क म्हणे केसपेपरवर आहे तेच आम्ही पाठवणार. ओपीडी काउंटर म्हणे एकदा सेव्ह झालं की आम्हाला एडिट करता येत नाही, डॉक्टरांनी सांगायला पाहिजे. डॉक्टर ओटीत. त्यांचा असिस्टंट म्हणे नवीन अपॉइंटमेंट घ्या. म्हणजे चूक त्यांची आणि कन्सल्टिंगची फी परत माझी! घेतली. या वेळी मी कोणी सांगायच्या आधीच चप्पल काढून पट्टीला टाचा लावून उभी, १६० आले, नवीन कागद गेला. तर आता क्वेरी अशी की एकाच पेशंटच्या दोन उंच्या कशा. डेस्कवरचा मुलगा मला तोंडावर विचारतो, मॅडम, वजन कमी झालेलं समजू शकतो, उंची कशी कमी झाली? मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि या सगळ्यात वजन कमी करायचीही भीती. १६० उंचीला ८९.६ किलोच्या खाली गेलं की बीएमआय ३५ च्या आत. एकीकडे डाएटिशियन म्हणतेय चालायला लागा, आणि मी काट्यावर उभी राहून देवाला म्हणतेय एवढ्यात नको रे बाबा.

शेवटी सुटलं ते दोन कागदांमुळे. एक, डॉक्टरांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट लिहून दिलं की आधीचं माप चपलेसकट घेतलं होतं, अनवाणी उंची १६० आहे. दुसरा, माझ्या बाळंतपणाची फाईल. सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवलेली, पिवळी पडलेली, पिनांना गंज चढलेला, पण पहिल्याच पानावर निळ्या शाईत उंची १६०. ती स्कॅन करून पाठवली आणि मंजुरीचा मेसेज आला तेव्हा मी एसटी स्टँडवर होते, तिथेच नवऱ्याला फोन लावून ओरडले.

म्हणून सांगते, पहिल्या भेटीलाच जुने कागद न्या, ज्यावर तारखेसकट वजन-उंची आहे असे सगळे. दुसरा उपयोग म्हणजे, आधी साध्या उपायांनी प्रयत्न केले आणि जमलं नाही याचा पुरावाही इन्शुरन्सला लागतो. जिमच्या पावत्या, डाएटिशियनचे चार्ट, काहीही. माझे चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर होते, प्रिंट मारले. आणि केसपेपर हातात आला की तिथल्या तिथे वाचा.

डॉक्टरांना काय विचारायचं ते घरून लिहून न्या, आत गेल्यावर सगळं विसरायला होतं. कुठलं ऑपरेशन आणि मला तेच का, हे विचाराच. मुख्य प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त काढून टाकतात, तो परत बसवता येत नाही. आणि आधीपासून अ‍ॅसिडिटी, छातीत जळजळ असेल तर ती स्लीव्हनंतर वाढू शकते, म्हणून ते लपवू नका. वजन कमी करायच्या इंजेक्शनांचंही विचारा, २०२५ पासून टिर्झेपॅटाईड भारतात मिळतंय, मी विचारलं तर डॉक्टरांनी न चिडता दोन्हींची तुलना करून सांगितली. ऑपरेशननंतर बी१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व या गोळ्या मात्र जन्मभर. केस काही महिने गळतात. वय कमी असेल आणि मूल हवं असेल तर ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, तेही आधी बोला.

हो, आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, काढे-चूर्णंसुद्धा. मी गुडघ्यांसाठी पेनकिलर घ्यायचे, पोटाच्या बायपासनंतर त्यातल्या बऱ्याच चालत नाहीत, अल्सर होतो. मिश्री लावत असाल तर लाजू नका, तोही तंबाखूच, आधी बंद करावा लागतो.

सोबत एकच माणूस न्या आणि तो गप्प बसणारा असावा. माझ्या नणंदेने तिथेही ‘वहिनी, जिभेवर ताबा ठेवला असता तर’ सुरू केलं होतं, डॉक्टरांनीच तिला बाहेर बसवलं.

आता एन्डोस्कोपी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) राहिलंय. त्यानंतर ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ लिक्विडवर, लिव्हर लहान व्हावं म्हणून. नेमकं त्याच पंधरवड्यात धाकट्या दिराचं लग्न आहे आणि केळवणाची यादी माझ्याकडेच आलीय.