आधी मार्शल व्हा, असं मी का म्हणते

"आरसी रेसिंग सुरू करायचंय, कोणती गाडी घेऊ?" आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या. हा प्रश्न मला सतत येतो आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी ट्रॅकवर या, एक दिवस मार्शल म्हणून, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करायला, उभे राहा. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. कुणाला वाटतं मी टाळतेय, कुणाला वाटतं भाव खातेय. मागे एकाने तोंडावर विचारलं, "तुम्हाला नवीन माणसं नकोच आहेत का?" ते फार लागलं. मी असं का म्हणते ते तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळंच सांगते.

गाडीचं आधी उरकते. तुम्ही जिथे जाणार त्या ट्रॅकवर ज्या क्लासमध्ये (गाड्यांच्या गटात) सगळ्यात जास्त गाड्या उतरतात, तोच क्लास घ्या. १:१० टूरिंग, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची रस्त्यावरची कार असेल, तर टामिया कंपनीची टीटी-०२ चांगली. तयार गाडी नको, किट घ्या. स्वतः जोडलीत तर मोडल्यावर काय मोडलं ते कळेल. किटमधले प्लास्टिकचे बुश (फिरणाऱ्या दांड्यांचे आधार) जोडतानाच बाजूला ठेवा आणि बॉल बेअरिंग घाला. मोटर २१.५ किंवा १७.५ टर्नची. टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे; ते जितके कमी, तितकी मोटर जास्त पळते. २एस लिपो (दोन सेलची लिथियम बॅटरी) ८.४ व्होल्टच्या वर कधीही नाही. ५००० एमएएचची असेल तर चार्ज ५ अँपिअरवर, आणि चार्ज होत असताना जागेवरून उठायचं नाही. ठेवून द्यायची तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही नवी असली तरी.

झालं. एवढं कुणीही सांगेल, मलाही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पहिल्याच गाडीत ८.५ टर्नची मोटर बसवली, कारण हळू गाडीचा कंटाळा येईल अशी माझी खात्री होती.

चौथ्या की पाचव्या रेसची गोष्ट. पाच मिनिटांची हीट (फायनलआधीची फेरी) होती, तीन मिनिटं झाली होती. मी पुढच्या गाडीच्या अगदी मागे होते. वळणाच्या आतल्या कर्बवर चाक चढलं आणि गाडी उलटी झाली. त्या वळणावर मार्शल होता एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. आपली हीट झाली की पुढच्या हीटला मार्शल व्हायचं हा बहुतेक ठिकाणचा नियम, तसा तो उभा होता. तो धावला, वाकला. मी ड्रायव्हरच्या उंच स्टँडवरून ओरडले, "लवकर, लवकर!"

माझं बोट रिमोटच्या ट्रिगरवर होतं, जो दाबला की गाडी पळते. पुढे कितीतरी महिने मी सांगत राहिले की घाबरले, त्यात बोट आवळलं गेलं. ते खरं नाही. मी ट्रिगर मुद्दाम दाबून धरला होता. गाडी जमिनीला टेकताक्षणी सुटावी, अर्धा सेकंद वाचावा, म्हणून.

चारही चाकं हवेत गरगरत होती. त्याने गाडी पुढून धरली आणि डाव्या हाताची तर्जनी चाक आणि बॉडीच्या कडेमध्ये गेली. ती बॉडी, म्हणजे गाडीचं पातळ प्लास्टिकचं कवच, मी घरी कात्रीने कापली होती. कापल्यावर चाकाजवळची कड सँडपेपरने घासायची असते. मी घासली नव्हती, कारण वरून रंग छान दिसत होता. त्याने गाडी सरळ केली, खाली ठेवली आणि बोट काखेत दाबून उभा राहिला. मला ते दिसलं. दिसूनही मी उरलेली दोन मिनिटं गाडी चालवली.

रिमोट डाव्या हातात असतो. ट्रिगर डाव्या तर्जनीने ओढायचा. त्याची फायनल तासाभरात होती. पट्टी बांधून तो वर आला, मधल्या बोटाने प्रयत्न केला, तीन लॅपनंतर गाडी बाजूला घेतली. मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "असू दे ताई, होतं असं." त्याचे वडील शेजारीच गाडीचं सामान भरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, मार्शलने हातमोजे घालायला नकोत? चाकं फिरत असताना गाडी उचलायची नसते हे त्याला ठाऊक नव्हतं? आणि १७.५ टर्नची मोटर असती तर काय मऊ लागली असती? यातलं काहीच खोटं नाही. मोटरवर खापर फोडणं सोपं आहे, हेही मला कळतं. पण ज्याने एकदा तरी उलट्या गाडीवर वाकून पाहिलंय, तो वर उभा असताना ट्रिगर दाबून धरणार नाही, असं मला वाटतं. मी तोवर मार्शलिंग चुकवत असे. बॅटरी बदलायची आहे, पिनियन (मोटरचं दातेरी चाक) बदलायचा आहे, दर वेळी काहीतरी सांगून सटकायचे.

एका मैत्रिणीचं म्हणणं, तू तर अननुभवी माणसालाच त्या जागी उभं करतेस. उद्या त्याचं बोट कापलं तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. नवीन कुणी आलं की मी त्याच्या शेजारी उभी राहते, पुढून बंद असलेले बूट घालून यायला सांगते, हातमोजे देते. तेवढं पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

तो मुलगा अजून येतो. मार्शल असताना माझी गाडी उलटली तर तो आधी मान वर करून माझ्या हाताकडे बघतो. मी रिमोट डोक्याच्या वर धरते, बोट ट्रिगरपासून लांब. ते नीट दिसेपर्यंत तो वाकत नाही.