चालणारा आयसी नाकारला
आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप, चालत होता, टेस्टरवर आणि तापवून बघायच्या ओव्हनमध्येही. तरी मी अख्खा लॉट परत पाठवला, आणि स्टोअर्सवाले अजून माझ्यावर खार खाऊन आहेत.

रुळांवरची गाडी 30-40 वर्षं धावते. तिच्यातली चिप बाजारात दहा वर्षं टिकली तरी नशीब. उत्पादन थांबवण्याआधी बरेच उत्पादक शेवटच्या खरेदीची नोटीस देतात. गाडीच्या दाराच्या कंट्रोल कार्डावरच्या (सर्किट बोर्डावरच्या) या आयसीची नोटीस आम्हालाही आली होती. पण पडून राहणारा माल हिशेबात वाईट दिसतो, म्हणून थोडकेच घेतले. हिशेब सुंदर दिसला, माल संपला. मग उरतो दलाल.

दलालाचा माल बघताक्षणीच खटकला. इतक्या जुन्या आयसीचे धातूचे पाय थोडे तरी काळवंडतात, हे चकचकीत. डेट कोड 1432, म्हणजे 2014 चा बत्तिसावा आठवडा; उत्पादन त्याआधीच बंद झालेलं! एक नंबरच्या पायाजवळचा खळगा तळाशी गुळगुळीत हवा, इथे तो बाकी पाठीइतकाच खरखरीत. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर स्वच्छ निघाला. जुनी छपाई घासून वर मारलेले हल्लीचे रंग अ‍ॅसिटोनला दाद देत नाहीत, एवढ्यावर समाधान मानणारे फसतात. ब्लेडने खरवडलं, तेव्हा खाली घासल्याचे समांतर ओरखडे दिसले आणि एका नगावर जुन्या छपाईचा शेवट पुसटसा उरलेला: 0 ते 70 अंशांचा ग्रेड, म्हणजे एवढ्याच तापमानात चालण्याची हमी. वर नवी छपाई उणे 40 ते 85 ची.

अ‍ॅसिडने एक उघडून घेतला. आतली डाय, म्हणजे सिलिकॉनचा मूळ तुकडा, अस्सल, त्याच कंपनीची.

म्हणजे चिप खरी, ग्रेड खोटा. पाय नव्याने कथिलात बुडवलेले, म्हणजे कुठल्या तरी जुन्या कार्डावरून उपटलेली. उपटताना किती तापली, आधी किती वर्षं राबली, हे कुठलाही टेस्टर सांगत नाही. 85 अंशांवर कार्ड रात्रभर व्यवस्थित चाललं, हेही तितकंच खरं.

“चालतंय ना साहेब? मग लावा की,” स्टोअर्सवाले म्हणाले. त्यांचंही चूक नाही. कार्डाअभावी एक रेक, म्हणजे अख्खी गाडी, उभी आहे आणि तिचीच बाकीची कार्डं काढून आम्ही इतर गाड्या चालवतोय. पण हे कार्ड दाराचं आहे.

नकारपत्रावर मी ‘छपाई खोटी’ एवढंच कारण लिहिलं. उलट विचारणा आली: चाचणीत नापास नग किती? शून्य. आता उत्तरात शून्याखाली काय लिहावं, यावर माझं आणि सहकाऱ्याचं अजून जमलेलं नाही.