डिस्क अर्धी रिकामी, तरी म्हणे 'नो स्पेस लेफ्ट'

कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर वेगळ्या खोलीसारख्या चालणाऱ्या बंदिस्त सिस्टममध्ये, काही बिघडलं की बहुतेक जण आधी कंटेनरमध्येच शिरतात. तिथे टॉप लावतात, लॉग चाळतात, सर्व्हिस रीस्टार्ट करतात, मग कंटेनरच रीस्टार्ट करतात, आणि सुरू झालं की झालं, विषय संपला. पुढच्या आठवड्यात परत तेच. माझं म्हणणं एवढंच की आत शिरायच्या आधी दोन मिनिटं होस्टवर, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरवर, थांबा. कंटेनरला स्वतःचा कर्नल (सिस्टमचा गाभा) नसतो, लिमिट संपतं ते होस्टच्या कर्नलचं, आत फक्त त्याचा एरर येतो, आणि तोही भलत्याच नावाने.

आमचा सेटअप काही फार मोठा नाही. ऑफिसात एक टॉवर सर्व्हर, त्यावर डेबियन १२, कंटेनर इंकस या सॉफ्टवेअरमध्ये (आधी एलएक्सडी होतं, २०२३ मध्ये कॅनॉनिकलने ते प्रोजेक्ट स्वतःकडे ओढून घेतल्यावर जो फोर्क निघाला तोच हा इंकस), आणि लिबव्हर्टखाली थोड्या केव्हीएमच्या व्हीएम (स्वतःचा कर्नल असलेली आभासी मशीन), त्यातली एक विंडोजची कारण अकाउंट्सला टॅली लागतं.

तर पहिला नमुना. नवीन कंटेनर बनवला, आत कुठल्याही सर्व्हिसचं सिस्टमसीटीएल स्टार्ट केलं की ओळ येते, 'फेल्ड टू अलोकेट डिरेक्टरी वॉच: टू मेनी ओपन फाइल्स'. आता हे वाचून कोणीही यूलिमिटकडेच (एका प्रोसेसने किती फाइल उघडाव्यात त्या मर्यादेकडे) धावणार. आमच्या डेव्हलपरनेही तेच केलं, १०२४ चे ६५५३५ केले, मग अजून एक शून्य वाढवलं, ढिम्म फरक नाही. आत उघड्या फाइल मोजल्या तर शंभरच्या आसपास. शेवटी एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारं टूल) लावला तेव्हा दिसलं की ओपन कॉल फेल होतच नाहीये, फेल होतोय तो इनोटिफाय-इनिट. इनोटिफाय म्हणजे अमुक फाइल बदलली की मला सांग, असं प्रोसेसने कर्नलला सांगायची सोय. त्यासाठी प्रोसेस आधी एक खातं (इन्स्टन्स) उघडते, मग त्यात एकेका फाइलची नोंदणी (वॉच) करते, आणि एका युजरला अशी किती खाती उघडता येतील त्याचं डीफॉल्ट लिमिट आहे फक्त १२८. सिस्टमडी स्वतः काही घेतं, यूडेव घेतं, डीबस घेतं, कोणी लॉगवर टेल -एफ लावून ठेवलं असेल तर तेही एक घेतं, आणि प्रत्येक कंटेनरमध्ये हा सगळा लवाजमा वेगळा. पण युजर नेमस्पेसचा (कंटेनरचे युजर वेगळे ठेवणाऱ्या कप्प्याचा) हिशोब आतल्या आत संपत नाही, वरपर्यंत जातो, म्हणजे होस्टच्या लिमिटमधून सगळ्यांचं वजा होतं. चाळीतल्या सगळ्या खोल्या एकाच मीटरवर असल्या की फ्यूज उडतो तेव्हा ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याच्या नावाने ओरडा होतो, तसं इथे नवा कंटेनर बदनाम होतो आणि खाणारे जुने निवांत चालू असतात.

कोण किती खातंय ते होस्टवरून मोजता येतं. प्रॉक (कर्नलची चालू माहिती दाखवणारं फोल्डर) याच्यातल्या सगळ्या प्रोसेसच्या एफडी, म्हणजे उघड्या फाइलच्या, फोल्डरमध्ये फाइंड लावायचं आणि ज्या लिंकवर 'अ‍ॅनन-आयनोड:इनोटिफाय' लिहिलंय तेवढ्या निवडून पीआयडीप्रमाणे, म्हणजे प्रोसेसच्या नंबराप्रमाणे, मोजायच्या. आमच्याकडे सगळ्यात वर निघाला एक टेस्टिंगचा कंटेनर, ज्यात कोणीतरी नोडचे डेव्ह सर्व्हर चालू ठेवून घरी गेलं होतं. सिससीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) मॅक्स-युजर-इन्स्टन्सेस वाढवलं की प्रश्न सुटतो, रीबूट नको, कंटेनर रीस्टार्टही नको. प्रॉक्समॉक्सवाल्यांना (कंटेनर आणि व्हीएम चालवायची तयार सिस्टम वापरणाऱ्यांना) हा त्रास सहसा होत नाही कारण ते लोक हे लिमिट आधीच वाढवून देतात, साध्या डेबियनवर मात्र आपणच करायचं.

याचाच दुसरा भाऊ म्हणजे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) बघावं तर डिस्क अर्धी रिकामी. हुशार माणूस मग डीएफ -आय करतो, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत का बघतो, आणि ते बरोबरच आहे, लाखो बारक्या सेशन फाइल साचून आयनोड संपलेले मी पाहिलेत. पण आयनोडही भरपूर असतील तर तिसरी शक्यता परत इनोटिफायच, या वेळी इन्स्टन्स नाही तर वॉच संपलेत. कर्नलकडे एररचे नंबर मोजकेच आहेत, नवीन फीचर आलं की जुन्यातलाच एखादा नंबर त्याला चिकटवतात, आणि तो छापताना प्रोग्राम बिचारा जुनाच मजकूर छापतो. या प्रकारातला माझा सगळ्यात आवडता म्हणजे इंकसच्या कंटेनरमध्ये डॉकर (अ‍ॅपचे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवताना येणारा 'डिस्क कोटा एक्सीडेड'. कोटा कुठे लावलेलाच नाही! संपलेला असतो तो कर्नलच्या की-रिंगचा (प्रोसेसच्या किल्ल्या ठेवायच्या जुडग्याचा) कोटा. नॉन-रूट युजरला डीफॉल्ट २०० की, आणि इंकस डीफॉल्टला सगळ्या कंटेनरना एकच आयडी मॅप (आतला युजर नंबर बाहेर कुठला धरायचा तो तक्ता) देत असल्याने प्रत्येक कंटेनरमधला रूट होस्टच्या दृष्टीने तोच एक, दहा लाख नंबरचा युजर. सगळ्यांच्या की त्याच्याच खात्यात. प्रॉकमधली की-युजर्स नावाची फाइल उघडली की १००००००च्या ओळीत २०० पैकी २०० दिसतात आणि उलगडा होतो. मॅक्सकीज २००० करा, सोबत मॅक्सबाइट्सही वाढवा, नाहीतर तेच लिमिट लगेच आडवं येतं.

मेमरीचं आता. आतून फक्त 'किल्ड' एवढाच शब्द दिसतो, किंवा डॉकर असेल तर एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. आत डीमेसेज मारलं तर परमिशन नाही म्हणतं, कारण तो कर्नलचा लॉग, तुमचा नाही. होस्टवर जर्नलसीटीएल -के लावून 'ऊम-किल' (मेमरी संपली म्हणून प्रोसेस मारल्याची नोंद) शोधा, त्या ओळीत कॉन्स्ट्रेंट म्हणून एक शब्द असतो आणि खरं सगळं तिथेच आहे. तिथे मेमसीजी असेल तर कंटेनरने स्वतःचं लिमिट ओलांडलं, पुढे त्या कंटेनरचं नावही लिहिलेलं असतं, मग लिमिट वाढवा नाहीतर अ‍ॅप सुधारा. पण तिथे नन असेल तर पूर्ण होस्टची मेमरी संपली होती आणि मेलेला हा केवळ बळीचा बकरा आहे, गुन्हेगार दुसराच. आणि होस्टच संपतो तेव्हा बकरा बहुतेक वेळा कोण, तर क्यूईएमयू (व्हीएम चालवणारी प्रोसेस), कारण सगळ्यात मोठी प्रोसेस तीच. व्हीएमच्या आतल्या लॉगमध्ये मग काहीच सापडत नाही, वायर उपटल्यासारखी ओळी अर्ध्यात थांबतात, आणि माणूस विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर तासन्‌तास उकरत बसतो. जुन्या जावावाल्यांसाठी जाता जाता, ८यू१९१ च्या आधीचं जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) स्वतःहून कंटेनरचं लिमिट बघतच नाही, होस्टची अख्खी रॅम आपलीच समजून हीप (स्वतःसाठी घ्यायची मेमरी) ठरवतं. अजूनही अशी अ‍ॅप्स चालू आहेत, माहितीये मला.

व्हीएम गप्प झाली म्हणजे मेलीच असं नाही. जीएसटीच्या २० तारखेच्या तोंडावर अकाउंट्समधून फोन, 'अहो दादा, टॅली हँग झालंय, माउसपण हलत नाही.' पिंग नाही, रिमोट डेस्कटॉप नाही. तिथला पोरगा रीसेट मारायच्याच तयारीत होता, त्याला म्हटलं थांब, आधी वर्श लिस्ट (लिबव्हर्टमधली व्हीएमची यादी) कर. स्टेट रनिंग नाही, शट-ऑफही नाही, पॉज्ड! मग वर्श डॉमब्लॉक-एरर, उत्तर आलं, व्हीडीए: नो स्पेस. (इथे मात्र एरर खरं बोलत होता, होस्टची डिस्क खरंच शंभर टक्के भरली होती.) क्यूकाऊ-टू फाइल (व्हीएमची डिस्क) हळूहळू फुगत जाते, विंडोजमध्ये डिलीट केलं तरी बाहेर आकार कमी होत नाही, जोपर्यंत डिस्कला डिस्कार्ड अनमॅप लावलेलं नाही आणि आतून ट्रिम (मोकळी जागा परत करणं) चालत नाही तोपर्यंत. होस्टवर जागा संपली की क्यूईएमयू लिहायला नकार देऊन बसत नाही, व्हीएमला आहे त्या क्षणी गोठवतं, ही खरं तर त्याची मोठी कृपा आहे. जुनी आयएसओ उडवली, जागा झाली, वर्श रिझ्यूम, आणि टॅली जिथे होतं तिथून पुढे, अर्धवट टाकलेलं व्हाउचरसुद्धा तसंच स्क्रीनवर. रीसेट मारला असता तर डेटा रीराइट करत बसावं लागलं असतं, ऐन विसाव्या तारखेला.

लोड अ‍ॅव्हरेजने तर भल्याभल्यांना घाबरवलंय. लाईट गेली, यूपीएस संपला, लाईट आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, आणि थोड्या वेळात लोड चाळीसच्या पुढे. सीपीयू बघावा तर ९७ टक्के रिकामा. लिनक्समध्ये लोड म्हणजे नुसती सीपीयूची रांग नाही, डिस्कवर किंवा एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या डिस्कवर अडकून झोपलेल्या, म्हणजे डी स्टेटमधल्या प्रोसेसही त्यात धरतात, १९९३ पासून हे असंच आहे, बाकी युनिक्सवाल्यांना हे विचित्र वाटतं. म्हणून आधी पीएस लावून डी वाल्या वेगळ्या काढायच्या. निघाल्या सगळ्या एकाच एनएफएस माउंटवर टांगलेल्या. आणि हा एनएफएस सर्व्हर कुठे? त्याच होस्टवरच्या एका व्हीएममध्ये. होस्ट व्हीएमकडून शेअर माउंट करतो, ते फोल्डर कंटेनरना देतो, आणि बूटला कंटेनर आधी उठले, व्हीएम अजून फाइल सिस्टम तपासत बसलेली, मग सगळे हात जोडून तिची वाट बघत उभे. अशा वेळी साधं डीएफ टाइप केलं तरी टर्मिनल लटकतं. डीएफसुद्धा लटकलं की मी समजून जातो, एनएफएस, दुसरं काही शोधत बसत नाही. मागच्या माणसाने ठेवलेली ही रचना मुळातच वाईट आहे, शटडाउनलाही हाच घोळ होतो, व्हीएम आधी बंद होते आणि होस्ट अनमाउंट करायला जातो तर पलीकडे कोणीच नाही, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' बघत बसा. एफस्टॅबमध्ये (माउंटच्या यादीत) नोफेल आणि सिस्टमडी ऑटोमाउंट लावून आम्ही वेळ मारून नेलीये. खरा उपाय म्हणजे ती फाइल सर्व्हरची व्हीएम काढून डिस्क थेट होस्टवर घेणे, बजेट आणि मुहूर्त दोन्ही बघतोय.

नेटवर्कचं एकच सांगतो, कारण नाशिकच्या एका मित्राची पूर्ण रात्र त्यात गेली. केव्हीएमचा होस्ट, बीआर-झिरो ब्रिजवर (होस्टमधल्या सॉफ्टवेअर स्विचवर) व्हीएम, सगळं सुरळीत, आणि एके दिवशी व्हीएममधून बाहेर नेट नाही, बाहेरून व्हीएम नाही, होस्टवरून मात्र व्हीएमला पिंग जातंय. एआरपी (आयपीवरून मॅक अ‍ॅड्रेस शोधणारा प्रोटोकॉल) टेबलात शेजाऱ्यांचे मॅक अ‍ॅड्रेस बरोबर दिसतायत, म्हणून तो स्विचला आणि केबलला शिव्या देत बसला होता. मी विचारलं, 'भावा, आज होस्टवर काय टाकलंस?' तर म्हणे काही नाही रे, एक छोटं डॅशबोर्ड टाकलं, डॉकरमध्ये. बास. डॉकर सहसा आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) फॉरवर्ड चेनची पॉलिसी ड्रॉप करून टाकतं, आणि होस्टवर बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असेल तर ब्रिजवरून जाणारं पॅकेटही त्या चेनमधून जातं, म्हणजे व्हीएमचं पॅकेट डॉकरच्या दारात मरतं. एआरपी हे आयपी नसल्याने ते सुखरूप पोचतं, म्हणून अर्धं चालल्यासारखं दिसतं. टीसीपीडंप (पॅकेट बघायचं टूल) दोन ठिकाणी लावला, खऱ्या नेटवर्क कार्डवर पॅकेट आलेलं दिसतं, व्हीनेट-झिरोवर (व्हीएमच्या पोर्टवर) नाही. फॉरवर्ड चेनचा काउंटर बघितला तर ड्रॉपचा आकडा डोळ्यादेखत वाढतोय. डॉकर-युजर चेनमध्ये ब्रिजसाठी अ‍ॅक्सेप्टचा नियम टाकला आणि त्याच्या व्हीएम जाग्या झाल्या.

तेव्हापासून तो मला विचारतोय की मग डॉकर ठेवायचं कुठे, होस्टवर, कंटेनरमध्ये की व्हीएममध्ये. होस्टवर तर नाहीच, फायरवॉलशी भांडण ठरलेलं. इंकसच्या कंटेनरमध्ये चालतं, नेस्टिंग (कंटेनरमध्ये कंटेनरची परवानगी) चालू करावं लागतं, आणि वर सांगितलेला की-रिंगचा कोटा तिथेच आडवा येतो, होस्टचा कर्नल अपग्रेड झाला की कधीतरी वेगळीच कुरकुर सुरू होते. मी एक छोटी डेबियनची व्हीएम करून त्यात सगळं डॉकर कोंबलंय, प्रॉक्समॉक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हाच सल्ला आहे. एक जीबी रॅम जास्त जाते, जाऊ दे. फक्त तिच्यात लॉगला मॅक्स-साइज लावायला विसरू नका, डॉकरचे जेसन लॉग डीफॉल्टला कितीही वाढतात, आणि मग परत 'नो स्पेस लेफ्ट', या वेळी खरोखरचा.