‘ए कू’वाल्यांच्या गावी : लागोस ते पोर्तो-नोव्हो

नायजेरियातल्या लागोसला उतरून तीनच दिवस झाले होते. सकाळी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ताईकडे कामाला येणाऱ्या मावशी कांदा चिरत होत्या. मी तोंडभर ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, काम करणाऱ्या माणसाला आमच्या योरुबा भाषेत ‘ए कू इशे’ म्हणायचं. इशे म्हणजे काम. नुसती सकाळ असेल तर ‘ए कारो’, दुपारी ‘ए कासान’. बाजारात बसलेल्या बाईला ‘ए कू ओजा’. कुणी नुसतंच बसलेलं असेल, तर त्या बसण्यालाही वेगळा रामराम आहे. थंडी पडली, तर थंडीचाही.

मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या आजोळी ओट्यावर बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘काय, बाजार का?’, ‘काय, शेतावर का?’ असं विचारायची. हातातली पिशवी दिसत असली तरी विचारायची. उत्तर कुणालाच नको असायचं.

त्यातला ‘ए’ म्हणजे आपला ‘तुम्ही’. अनेकांना आणि एकाच मोठ्या माणसालाही तोच. लहानाला ‘ओ’, म्हणजे ‘तू’. ‘तो’ आणि ‘ती’ मात्र वेगळे नाहीत, दोघांना एकच सर्वनाम. भावा-बहिणींचंही तसंच. तिथे बघायचं ते वय. मोठा भाऊ असो की मोठी बहीण, ‘एग्बोन’. धाकटं कुणीही ‘आबुरो’. ताईने लगेच मला आबुरो म्हणायला सुरुवात केली आणि कामं सांगायला लागली.

खरी गंमत सुरांची. योरुबात तीन सूर आहेत, वरचा, मधला, खालचा, आणि शिकवणारे ते दो-रे-मी म्हणून शिकवतात. सूर बदलला की शब्द बदलतो. भावोजींनी माझ्यासोबत दिलेल्या ड्रायव्हरदादांवर छाप पाडावी म्हणून मी घोकून ठेवलं होतं, ‘तुमची गाडी छान आहे.’ गाडी म्हणजे ‘ओको’, शेवटचा सूर खाली. माझा सूर मध्येच राहिला, आणि त्या मिशाळ गृहस्थाला मी ‘तुमचा नवरा छान आहे’ असं सांगून बसले. दादांनी गाडी बाजूला घेतली. हसून झाल्यावर म्हणाले, सूर वर नेला असता तर कुदळ झाली असती. पुढचे दहा दिवस ते मला ‘ममी’ म्हणत होते. इथे मोठ्या वयाच्या बाईला सर्रास तसंच म्हणतात, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

*

दादा आबेओकुटा गावचे. तुम्ही योरुबा का, असं विचारलं तर ते आधी म्हणायचे, ‘एग्बा.’ मावशींना विचारलं तर ‘एकिती’. लागोसमध्ये मला हेच पुन्हा पुन्हा ऐकू आलं. योरुबा हे आडनावासारखं मागून यायचं, पुढे असायचं ते गावाचं, पोटभाषेचं नाव. दोघं एकमेकांशी ‘शाळेतलं’ योरुबा बोलायचे. पण मावशी फोनवर बहिणीशी बोलायला लागल्या की दादा भुवया उडवायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं. घराला सगळे ‘इले’ म्हणतात, मावशी ‘उले’ म्हणत होत्या. कोनफळाच्या जातीचा तो याम नावाचा कंद, त्याला सगळे ‘इशू’ म्हणतात, मावशी ‘उशू’. प्रमाण योरुबात शब्दाची सुरुवात ‘उ’ने होतच नाही, त्यामुळे मावशींचं गाव पहिल्याच अक्षरात कळतं.

दादांनाही हसायला कुणीतरी लागायचंच. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे इबादानवाले, कारण ते ‘श’चा ‘स’ करतात. ‘साळंत जातो’ म्हणणाऱ्या पोराला आमच्या वर्गात जी वागणूक मिळायची, ती मला आठवली. इथे तर गंमत अशी की प्रमाण योरुबाचा पाया मुख्यतः ओयो या जुन्या योरुबा राज्याची बोली आहे, आणि इबादान हे ओयोकडच्याच लोकांनी भरलेलं शहर. म्हणजे ज्यांच्या बोलीवरून शुद्ध भाषा घडली, त्यांचेच उच्चार अशुद्ध ठरले.

*

आबेओकुटाला आम्ही रेल्वेने गेलो. लागोस ते इबादान ही १५७ किलोमीटरची नवी लाइन २०२१ पासून प्रवाशांसाठी सुरू झाली आहे. आबेओकुटाच्या स्टेशनाला याच गावात जन्मलेल्या वोले शोयिंका यांचं नाव दिलेलं आहे. साहित्यिकाच्या नावाचं स्टेशन बघून उगाच छान वाटलं. स्टेशनाबाहेर पिवळ्या रिक्षा, ज्यांना इथे ‘केके’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडावर ठळक ‘बजाज’. आकुर्डीची आठवण काढत बसले.

आबेओकुटा म्हणजे ‘खडकाखाली’. हा खडक ओलुमो. ओयोचं साम्राज्य ढासळत होतं, गावागावांत लढाया चालल्या होत्या, तेव्हा पळून आलेले एग्बा १८३० च्या सुमारास याच्या कपारींत लपले आणि तिथेच गाव वसवलं. आता वर जायला लिफ्टसुद्धा आहे. मी जिन्याने गेले आणि अर्ध्यावर पश्चात्ताप केला. वरून गंजलेल्या पत्र्यांचा तांबूस समुद्र दिसतो. दादांनी वरूनच बोट दाखवून गावाच्या वाटण्या सांगितल्या: आके, ओके-ओना, ग्बागुरा, ओवू. चार विभाग आणि प्रत्येकाचा आपला राजा. एका शहरात चार राजे! आपण चौथ्यांपैकी, हे सांगताना दादांची मान जरा ताठ झाली. म्हणजे ‘योरुबा’ सोलून ‘एग्बा’ निघाला, आणि ‘एग्बा’ सोलून ‘ओवू’.

खाली आकेमध्ये सेंट पीटर्स चर्च आहे, नायजेरियातलं पहिलं मानलं जाणारं. मला तिथे यायचं होतं ते एका माणसासाठी. ओशोगुन गावचा अजायी नावाचा मुलगा. १८२१ मध्ये गावावर धाड पडली आणि बारा-तेरा वर्षांचा हा पोरगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढच्या वर्षी तो ज्या पोर्तुगीज जहाजावर होता ते इंग्रज आरमाराने पकडलं आणि त्याला सिएरा लिओनमध्ये, फ्रीटाउनला उतरवलं. तिथे तो सॅम्युएल अजायी क्राउथर झाला, पुढे १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप.

मिशनबरोबर तो १८४६ मध्ये आबेओकुटाला आला. तिथे, ताटातुटीनंतर पंचवीस वर्षांनी, त्याला त्याची आई भेटली. चर्चच्या दारात उभी राहून मी ती भेट डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. तो पोरगा आता पाद्री झालेला, अंगात इंग्रजी कपडे. आईने त्याला ओळखलं असेल ते चेहऱ्यावरून की बोलण्यावरून?

बोलण्याचा प्रश्न उगाच नाही. फ्रीटाउनमध्ये उतरवलेली ही माणसं एका गावची नव्हती. कुणी ओयोचं, कुणी एग्बा, कुणी इजेबू. आपापल्या मुलखात ती एकमेकांशी लढत होती. परक्या किनाऱ्यावर मात्र सगळ्यांच्या तोंडी तोच ‘ए कू’, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना सरसकट नाव दिलं ‘आकू’. एवढंच. रामरामावरून पडलेलं नाव. ‘योरुबा’ हा शब्द तोवर मुख्यतः ओयोवाल्यांसाठी होता, आणि तोही उत्तरेकडच्या हौसांच्या तोंडून आलेला. क्राउथरने १८४३ मध्ये शब्दसंग्रह छापला, पुढे बायबलचं भाषांतर हाती घेतलं, ते १८८४ मध्ये पुरं झालं. त्या पुस्तकांतून, मिशनच्या शाळांतून तोच शब्द एग्बांना, इजेबूंना, एकितींना येऊन चिकटला. मोल्सवर्थचा कोश ज्यांच्या घरात आहे त्यांना साहेबांच्या हातून भाषा कशी इस्त्री होऊन निघते हे सांगायला नको. १८५९ मध्ये योरुबातलं पहिलं वर्तमानपत्र निघालं तेही याच आबेओकुटात.

नाव एक झालं म्हणून भांडणं थांबली नाहीत. १८७७ पासून इबादान एका बाजूला आणि एकिती, इजेशा वगैरे दुसऱ्या बाजूला असं किरिजीचं युद्ध सोळा वर्षं चिघळत राहिलं.

इतोकूच्या बाजारात निळीचं ‘अदिरे’ कापड बघून सगळा इतिहास विसरले. अदिरे म्हणजे शब्दशः ‘बांधून रंगवलेलं’, थेट आपली बांधणी. दुकानदार बाईंना ‘ए कू ओजा’ म्हटलं, त्या खूष झाल्या, आणि भाव मात्र एक नायरा कमी केला नाही.

*

इफेबद्दल थोडक्यात सांगते, कारण पाऊस होता आणि संग्रहालय बघायचं राहून गेलं. सगळ्या योरुबा राजघराण्यांचा मूळपुरुष ओदुदुवा, आणि त्याचं गाव इले-इफे. इथला राजा ओओनी. ओरानमियानचा उभा दगडी स्तंभ भिजत भिजत पाहिला. या ओरानमियाननेच पूर्वेला बेनिनच्या राज्यात घराणं स्थापलं, असं इफेवाले सांगतात. बेनिनवाले म्हणतात, उलट. ओदुदुवा हाच मुळात आमचा परागंदा राजपुत्र. बेनिनच्या राजाने २००४ मध्ये ते आत्मचरित्रात लिहिलं, तेव्हा इकडे भलतीच खळबळ उडाली होती.

मला इफेत लक्षात राहिला तो एक रस्ता. चहाच्या टपरीवर दादा हळूच म्हणाले, पलीकडे मोदाकेके. गेल्या शतकातल्या नव्हे, त्याही आधीच्या, १९व्या शतकातल्या लढायांत ओयोकडून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. भाषा एक, देव एक, जेवण एक. तरी १९८१ मध्ये आणि पुन्हा १९९७ नंतर इफे आणि मोदाकेकेत रक्त सांडलं. जमीन कुणाची आणि उपरा कोण, एवढाच प्रश्न. मी ‘पण दोघं योरुबाच ना?’ असं विचारलं. दादांनी चहाचे पैसे दिले आणि गाडीकडे चालू लागले.

*

लागोसला परतल्यावर ताईच्या शेजारणीकडे जेवायला गेलो. त्या वारी शहराच्या. (नाव ऐकून मला पंढरपूरच आठवलं.) इत्सेकिरी समाजाच्या. त्यांची भाषा योरुबाच्या इतकी जवळची आहे की भाषातज्ज्ञ दोन्ही एकाच कुळात धरतात. आग्नेयेकडच्या योरुबा बोलींशी तर तिचं फारच जमतं. मी भाबडेपणाने म्हटलं, म्हणजे तुम्हीही तशा योरुबाच की! ताईने टेबलाखालून पाय दाबला. बाई हसल्या, पण ठाम होत्या. आमचा राजा ओलू, त्याचं घराणं बेनिनच्या राजपुत्राचं, गिनुवाचं. पोशाख वेगळा, खाडीचं जगणं वेगळं. भाषा जवळची असेल, आम्ही इत्सेकिरी. कोकणी-मराठीचा वाद ऐकत वाढलेल्या मला पुढे काही विचारायची गरज नव्हती.

त्यांच्याकडूनच आणखी एक कळलं. वारीच्या वरच्या अंगाला, इग्बो मुलखाच्या काठाशी उग्बोदूसारखी काही गावं आहेत, तिथे योरुबाच्या घराण्यातली एक बोली टिकून आहे. त्या लोकांना म्हणतात ‘ओलुकुमी’, म्हणजे ‘माझा मित्र’. समुद्रापलीकडे क्युबात गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांचं नाव पडलं ‘लुकुमी’. उत्तरेला काब्बाकडे राहणारे ‘ओकुन’, तेही त्यांच्या रामरामावरूनच. आणि सगळे योरुबा स्वतःला प्रेमाने म्हणवतात ‘कारो-ओओजीरे’ची लेकरं, म्हणजे ‘सकाळ झाली, नीट उठलास ना?’ असं विचारणाऱ्यांची.

*

शेवटचे दोन दिवस मी हट्टाने सीमेपलीकडे गेले. आधी बादाग्री. इथून गुलामांची जहाजं सुटत. वाळूतून त्या शेवटच्या वाटेवर चालताना कुणी बोलत नाही, मीही काही लिहीत नाही. बादाग्रीत बाजारात मात्र दादा एकदम मुके झाले. इथल्या बायका गून भाषा बोलत होत्या, योरुबाशी तिचा सूर जुळत नाही. लागोस राज्यातच, पण भाषा दुसरी.

पुढे सेमेची सीमा. तपासणीची नाकी मोजायची मी तिसऱ्यानंतर सोडून दिली. पलीकडचा देश बेनिन, आणि मघाशी सांगितलेलं बेनिनचं राज्य ते हे नव्हे, ते नायजेरियातच आहे. हा देश १९७५ पर्यंत दाहोमे होता. इंग्रज आणि फ्रेंचांनी १८८९ मध्ये नकाशावर रेघ ओढली आणि केतूसारखं जुनं योरुबा राज्य फ्रेंचांकडे गेलं. रेघेच्या त्या बाजूचे योरुबा म्हणजे ‘नागो’. तेच नाव ब्राझीललाही गेलं.

पोर्तो-नोव्हो हे राजधानीचं गाव तीन नावांचं. गून लोक होग्बोनू म्हणतात, योरुबा अजाशे, आणि पोर्तो-नोव्हो हे पोर्तुगीजांचं. ब्राझीलहून परतलेल्यांनी बांधलेली रंगीत मशीद तर हुबेहूब चर्चसारखी दिसते. दाराशी थांबून मी दोनदा खात्री केली. लागोसची पोरं मला ‘ओयिन्बो’ म्हणून हाका मारायची, परकी म्हणून. इथली पोरं ‘योवो, योवो, बोन्स्वार!’ म्हणत मागे लागली. दुकानातले हिशेब फ्रेंचमध्ये, फलक फ्रेंचमध्ये, आणि माझं फ्रेंच ‘मेर्सी’पाशी संपतं.

संध्याकाळी मशिदीमागच्या गल्लीत एक आजी मोठ्या कढईत ‘आकारा’ तळत होत्या. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून केलेले वडे. वासच असा आपल्या घरातला, की पाय थांबले. काय बोलावं कळेना. दादा तर गाडी लावायला गेलेले. मी सरळ म्हटलं, ‘ए कू इशे, मा.’

आजींचा झारा कढईवर तसाच थांबला. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून त्यांनी भराभर काहीतरी विचारलं. मला फक्त शेवटचा शब्द कळला, ‘एको?’ एको म्हणजे लागोस. शेजारी बाकावर खात बसलेला एक पोरगा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आजी विचारताहेत, तू लागोसची ना? तुझं बोलणं तिकडचं वाटतंय.

मी मान डोलावली. आजींनी कागदात सहा वडे बांधले आणि वर एक जास्तीचा टाकला.