फ्रेंचमधून पुढारी का ऐकता?

"फ्रेंच शिकवता, मग सारखी पुढाऱ्यांची भाषणं काय ऐकत बसता? कविता नाहीत, सिनेमे नाहीत?" हे पालक विचारतात, नातेवाईक विचारतात. परवा एका जुन्या विद्यार्थिनीने तर सरळच म्हटलं, "मॅडम, इंग्रजीत सगळ्या बातम्या मिळतात की." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

बातम्या मिळतात, खरं आहे. पण बातमी मला नकोच असते. फ्रान्समधलं पॅरिस, सेनेगलमधलं डाकार, बुर्किना फासोमधलं वागादुगू, कॅनडातलं माँट्रियल या चारही ठिकाणी पुढारी फ्रेंच बोलतो आणि चारही ठिकाणी पुढारीपण वेगळं असतं. भाषा तीच, त्यामुळे बाकी काय बदललं ते उघडं पडतं. एकच यमन चार जणांकडून ऐकला की घराणं कळतं, तसं.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ टीव्हीवर एकटे बोलतात. रात्री आठची वेळ, मागे झेंडे, समोर कोणी नाही. १६ मार्च २०२० ला करोनाची टाळेबंदी सांगताना 'आपण युद्धात आहोत' हे वाक्य त्यांनी सहा वेळा उच्चारलं. केवढा हा थाट, असं वाटतं. पण त्या थाटाचं मूळ दीडशे वर्षं जुनं आहे. आदोल्फ तिएर नावाचे राष्ट्राध्यक्ष पट्टीचे वक्ते होते. सभागृहाला आपल्या बाजूला ओढून नेतील अशी सदस्यांना धास्ती. म्हणून १८७३ मध्ये कायदा करून त्यांच्या बोलण्यावर बंधनं घातली. पुढे राष्ट्राध्यक्षाने सभागृहात यायचंच नाही, लेखी संदेश पाठवायचा, अशी रीत पडली. २००८ च्या घटनादुरुस्तीने व्हर्सायला दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत बोलायची मुभा मिळाली, पण तिथेही चर्चा व्हायची ती राष्ट्राध्यक्ष निघून गेल्यावर, आणि मतदान नाहीच. म्हणजे भर सभागृहात या माणसाला टोकणारा कोणी नाही. आपल्याकडे पंतप्रधान बोलताना समोरच्या बाकांवरून गोंधळ होतो म्हणून आपण नाकं मुरडतो. मला आता तो गोंधळ बरा वाटायला लागलाय.

टोकून घ्यायचं ते तिथल्या पंतप्रधानाने. ८ सप्टेंबर २०२५ ला फ्रांस्वा बायरू यांनी देशावरच्या कर्जाचा डोंगर दाखवत स्वतःहून विश्वासमत मागितलं. सरकार पाडायची ताकद तुमच्याकडे आहे, वास्तव पुसून टाकायची नाही, असं ते खासदारांना म्हणाले आणि ३६४ विरुद्ध १९४ मतांनी पडले. भाषण चांगलंच होतं, पण उपयोग शून्य.

माझा सर्वांत जास्त वेळ जातो सेनेगलवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलायचा घाट घातला, तो तिथल्या घटना परिषदेने हाणून पाडला. विरोधकांचे नेते उस्मान सोन्को यांना उभं राहता येईना, म्हणून त्यांनी सहकारी बासिरू जोमाय फाय यांना पुढे केलं. दोघेही तुरुंगात. १४ मार्चला सुटले, २४ ला मतदान झालं आणि ४४ वर्षांचे फाय पहिल्याच फेरीत ५४ टक्के मतं घेऊन निवडून आले. घोषणा तिथल्या वोलोफ भाषेत होती: सोन्को म्हणजे जोमाय, जोमाय म्हणजे सोन्को. सोन्को फ्रेंच बोलतात तेव्हा त्यांच्यातला जुना कर निरीक्षक जागा असतो: आकडे, करार, कलमं. वोलोफकडे वळले की गर्दी हसते, टाळ्या पडतात. मला वोलोफ येत नाही, पण ते कुठे वळतात आणि का, हे मात्र आता ओळखू येतं. फायही राष्ट्राला उद्देशून दोन्ही भाषांत बोलतात. परकी फौज देशात ठेवणार नाही, हे त्यांनी ३१ डिसेंबर २०२४ ला सांगितलं आणि जुलै २०२५ मध्ये फ्रेंच सैन्याने शेवटचा तळ सोडला. सोन्को पंतप्रधान झाले खरे, पण पुढे दोघांतली कुरबुर जाहीरपणे ऐकू येऊ लागली. प्रचाराची घोषणा कारभाराला पुरली नाही.

वागादुगूकडे मात्र जपून कान द्यावा लागतो. बुर्किना फासोचे लष्करी सत्ताधीश कॅप्टन इब्राहिम त्राओरे जुलै २०२३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लष्करी वेशात उभे राहिले आणि आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांना म्हणाले, साम्राज्यवाद्यांनी दोरी ओढली की नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या होणं सोडा. हे फ्रेंचमध्ये, आणि पुतिन यांच्या पाहुणचारात! तेव्हा वय ३५. अंगावर काटा येतो, नाही म्हणत नाही. पण त्यांच्याच राजवटीत टीका करणाऱ्या पत्रकारांना धरून दहशतवाद्यांविरुद्धच्या लढाईत आघाडीवर पाठवलं गेलंय. आणि व्हॉट्सॲपवर त्यांचं खणखणीत इंग्रजी भाषण आलं असेल तर ते बहुधा बनावट. एआयने केलेल्या अशा चित्रफिती ढिगाने फिरतात. मार्च २०२५ मध्ये बुर्किना, माली आणि नायजर फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेतून बाहेर पडले. तिची सुरुवात १९७० मध्ये नायजरच्याच राजधानीत, नियामेला, झाली होती.

राहता राहिलं माँट्रियल. माझे बरेच विद्यार्थी कॅनडाला जायचं म्हणून फ्रेंच शिकतात. त्यांना मी १६ एप्रिल २०२५ ची निवडणुकीची वादचर्चा लावून देते. त्या संध्याकाळी माँट्रियलच्या संघाचा आइस हॉकीचा सामना होता, म्हणून देशाच्या नेत्यांची चर्चा रात्री आठऐवजी सहाला घेतली! पंतप्रधान मार्क कार्नी फ्रेंच शब्द शोधत बोलतात, तरी क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताची मतं हवीत तर सुटका नाही. तिथे सर्वाधिक जागा त्यांच्याच पक्षाला मिळाल्या. आणि वर्गाच्या दृष्टीने सांगायचं तर, माक्राँच्या लांबलचक वाक्यांत पोरं हरवतात. कार्नींचं फ्रेंच त्यांना दुसऱ्या पातळीलाच कळतं.